लायसन्सवर नंबर चढण्याआधी रिव्हॉल्व्हर उघडून बघा

आमच्या ग्वाल्हेरात शस्त्र विकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: घेणारा ते बहुधा कधी चालवणारच नाही. रिव्हॉल्व्हर घरी येतं, कपाटात जातं, खंडेनवमीला हळदकुंकू लावून पूजेत बसतं, आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा होतं आणि निकालानंतर पुन्हा कपाटात. त्यातला दोष वर्षानुवर्षं कळत नाही. कळतो तो जिवावर बेतल्यावर. मला जे रिव्हॉल्व्हर ‘नवीन’ म्हणून विकलं, ते याच हिशोबाने विकलं. दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण पद्धत सगळी सांगते.

भिंड रस्त्यावर आमचा पेट्रोलपंप आहे. यजमान गेल्यापासून रोकड मीच बँकेत नेते, म्हणून .32 बोअरच्या रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या दुकानात गेले. तिथे क्रम असा होता: आधी पैसे, मग लायसन्सवर शस्त्राचा नंबर आणि दुकानाचा शिक्का, आणि सगळ्यात शेवटी डबा हातात. डबा उघडून दाखवा म्हटलं तर उत्तर मिळालं, “बहनजी, कंपनी का सील है. खोल दिया तो माल पुराना हो जाएगा.” चालवून कुठे बघायचं विचारलं, तर म्हणे कुणाच्या तरी शेतात जाऊन दोन फायर करून घ्या, इथे सगळे तसंच करतात.

या दोन्ही वाक्यांपासून सावध राहा. कारखान्यात प्रत्येक शस्त्राची जास्त दाबाचं काडतूस उडवून चाचणी होते आणि मगच त्यावर प्रूफचा ठसा पडतो. त्यामुळे डबा उघडल्याने शस्त्र जुनं होत नाही. आणि शेतात गोळ्या उडवणं महागात पडू शकतं. आयुध अधिनियमाच्या, म्हणजे शस्त्र कायद्याच्या, 2019 च्या दुरुस्तीनंतर लग्नातल्या हर्ष फायरिंगला किंवा कुणाच्या जिवाला धोका होईल अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षा झाली तर ती तुम्हाला होईल, दुकानदाराला नाही.

माझे मामा सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे होते, आता मुरारला असतात. डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी सिलिंडर उघडून त्यातली काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, मला करायला लावली, आणि मग ते नुसतं न्याहाळत बसले. पहिलं बोट ठेवलं ते स्क्रूंवर. स्क्रूच्या खाचा कडेला चुरगळलेल्या होत्या. “कारखान्यातला माणूस मापाचा पेचकस वापरतो. हे कुणीतरी बाहेर उघडलंय,” ते म्हणाले. पुढचं काही बघायच्या आधीच मला कळलं की सील, टेप, डबा, सगळं पुन्हा चिकटवलेलं होतं.

मग त्यांनी जे तपासलं, ते कुणालाही दुकानाच्या काउंटरवर करता येण्यासारखं आहे. शस्त्रावरचा नंबर बिलाशी, डब्याशी आणि लायसन्सशी जुळवायचा, एकेक अंक वाचून. बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर नसलेलं किंवा खोडलेलं शस्त्र विकणं आयुध अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे गुन्हाच आहे. नळीच्या एका टोकाला पांढरा कागद धरून उजेडात आतून बघायचं: आटे, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, स्वच्छ दिसले पाहिजेत, आणि कुठे गोल काळसर कडं दिसलं तर तिथे नळी आतून फुगलेली असू शकते. सिलिंडरचं तोंड आणि नळीचा मागचा भाग यांच्यातली फट साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर असावी. ती मोजायला गॅरेजवाल्याकडचा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चालतो, टॅपेट बसवायला तो वापरतात तोच. सिलिंडर पुढे-मागे ढकलून दोनदा मोजा. दोन मापांत चांगलाच फरक आला तर सिलिंडर लांबीत सैल आहे.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी घोड्याची. रिकाम्या शस्त्राचा घोडा उगाच पाडत बसू नये, नकली काडतुसं भरावीत. सिलिंडरला बोटाने अगदी हलका अडसर द्यायचा आणि घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढायचा. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर ‘खट्’ करून जागेवर अडकलाच पाहिजे, म्हणजे घर बरोबर नळीसमोर आलं. हे सहाही घरांना करायचं, कारण दोष एखाद्याच घरात असू शकतो. माझ्या रिव्हॉल्व्हरची चार घरं बरोबर अडकत होती. उरलेली दोन थोडी अलीकडेच थांबत होती, आणि बोटाने ढकलल्याशिवाय ‘खट्’ होत नव्हती. शेवटी घोडा चढवून, चापाला बोट न लावता, मागून अंगठ्याने त्यावर जोर द्यायचा. तो पडता कामा नये. माझा पडला नाही, एवढीच जमेची बाजू.

मामा तेव्हाच म्हणाले की हे परत कर. दुकानदार म्हणाला, चालवून दाखवा, मग बोलू. म्हणून रीतसर परवानगी काढून रेंजवर गेलो. चालवलं मीच, कारण लायसन्स माझ्या नावावर. कानाला मफ, डोळ्यांवर चष्मा, बाजूला कुणी उभं नाही, कारण सिलिंडरच्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण आडवे उडतात. आधी एकच काडतूस. ते नीट गेलं की नळी तपासून दोन. तेही ठीक गेलं तर मग सहा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबायचं, गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फाटते. चाप ओढूनही काडतूस उडालं नाही, तर निदान अर्धा मिनिट नळी निशाण्याकडेच धरून ठेवायची.

पहिली गोळी ठीक गेली. सदोष घराची पाळी आली तेव्हा माझ्या मनगटाला काहीतरी चावल्यासारखं झालं. “थांब. पुढची नको,” मामा म्हणाले. नळीच्या मागच्या कडेला शिशाचा ताजा चरा होता. घर नळीसमोर पुरतं न आल्याने गोळीची कड तासली गेली होती. रिकाम्या पुंगळीवर पिनेचा ठसा मधोमध पडायला हवा, तो एका बाजूला सरकलेला. त्या पुंगळ्या, नळीचे फोटो आणि रेंजवरची नोंद मी जपून ठेवली. तुम्हीही ठेवा, पुंगळी पुरावा आहे.

कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र शाखेत नंबर दाखवला तेव्हा उरलेलं कळलं. हेच शस्त्र आधी दुसऱ्याच्या लायसन्सवर चढलं होतं आणि परत आल्यामुळे उतरवलं गेलं होतं. त्या गृहस्थांनी दोष ओळखून ते परत केलं, दुकानदाराने कुणाकडून तरी आत कानस मारून घेतली आणि पुन्हा डब्यात घालून मला पूर्ण किमतीत विकलं. विक्रेत्याला खरेदी-विक्रीचं रजिस्टर ठेवावंच लागतं. त्यामुळे लायसन्सवर नंबर चढवू देण्याआधी शस्त्र शाखेत तो नंबर विचारून घ्या. एकदा चढला की ते उतरवायला अर्ज, परवानगी, नोंदी, सगळं पुन्हा, आणि तोवर दुकानदार निवांत. बिलावर ‘नवीन, न वापरलेले’ असं लिहून घ्या. बाहेर दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला देऊ नका. दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि बाहेर उघडलं की दोष तुमच्यावर ढकलला जातो.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात गेले. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी मागता येते. नोटीस पोहोचल्यावर दुकानदाराचा सूर बदलला. दुसरं रिव्हॉल्व्हर देतो, हे परत द्या आणि तक्रार मागे घ्या, म्हणतो. परत आलेलं शस्त्र नवीन म्हणून विकलं, एवढं लिहून द्यायला मात्र तयार नाही. ते लिहून मिळेपर्यंत मी हे त्याच्या हातात देणार नाही, नाहीतर पुढच्या महिन्यात ते तिसऱ्या कुणाच्या लायसन्सवर चढेल.