इंचाला साडेतीनशे: घरी येऊन स्क्रॅच काढणाऱ्यांचा अनुभव

गाडीवरच्या ओरखड्यावर पाणी टाकलं आणि तो दिसेनासा झाला, तर तो फक्त वरच्या पारदर्शक थरात आहे असं समजावं. ओरखड्याच्या खडबडीत कडांवर उजेड विखुरतो म्हणून पांढरी रेघ दिसते. त्यात पाणी, तेल, मेण काहीही भरलं की रेघ गायब, आणि ते निघून गेलं की परत हजर. एवढ्या भांडवलावर काही मंडळी पुण्यात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये येऊन धंदा करतायत. आम्हाला ते तीन हजारांना पडलं. पुढचं नुकसान वेगळंच.

झालं असं की सदाशिव पेठेत एका बोळात समोरून टेम्पो आला. दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाक्या, त्यामुळे मागे सरकायला जागा नाही. टेम्पोच्या कडेचा पत्रा डाव्या मागच्या दाराला घासून गेला. टेम्पोवाला "बघून चालवा ओ" असं मलाच सुनावून निघून गेला, ते पुण्याच्या रीतीप्रमाणेच. दारावर हातभर लांब ओरखडा, आणि मधे एका ठिकाणी पत्रा चमकत होता. गाडी राखाडी मेटॅलिक, म्हणजे लपवायचीही सोय नाही.

मोबाइलवर जाहिरात दिसली: घरी येऊन अर्ध्या तासात खोल स्क्रॅच काढून मिळेल, ३५० रुपयांपासून. फोन केला, फोटो पाठवला. "होऊन जाईल साहेब, साडेतीनशेच लागतील" असं फोनवर स्पष्ट सांगितलं. रविवारी सकाळी कर्वेनगरला आमच्या पार्किंगमध्ये दोघं आले. पाठीवर सॅक, त्यात दोन-तीन बाटल्या, फडकी आणि एक पॉलिश पेपरचा गठ्ठा.

पहिलं काम त्यांनी दाराच्या हँडलमागच्या खोबणीत केलं. तिथे नखांच्या बारीक रेघा प्रत्येक गाडीला असतात. एक थेंब टाकला, बोटाने चोळला, रेघा नाहीशा! "जर्मन लिक्विड आहे, रंग आपोआप भरून येतो." हा मुख्य डाव. नमुना कायम उथळ रेघांवरच दाखवतात आणि बघणाऱ्याने तो खोल ओरखड्याला लावून घ्यावा अशी अपेक्षा असते. मग मोठ्या ओरखड्याकडे वळले. आधी पेपरने कोरडंच खसाखसा घासलं, ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना चांगल्या रंगावरसुद्धा. नंतर राखाडी रंगाची पेस्ट बोटाने दाबून भरली आणि वरून चकचकीत काहीतरी मारलं. लांबून बघता ओरखडा खरोखरच दिसत नव्हता.

माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांनी काही न बोलता अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं आणि म्हणाले, "नख अडकतंय की अजून."

"काका, सुकल्यावर भरतं ते."

"सुकल्यावर कुठलीही गोष्ट आक्रसते, फुगत नाही."

यावर उत्तर आलं नाही, बिल आलं. खिशातून टेप निघाला. अठरा इंच. इंचाला साडेतीनशे, म्हणजे ६,३०० रुपये. फोनवर "साडेतीनशे" म्हणाले ते इंचाचे होते म्हणे, आणि "जाहिरातीत 'पासून' लिहिलंय ना साहेब". मी नाही म्हटल्यावर आवाज चढले. तेवढ्यात मोटारसायकलवरून तिसरा आला आणि मोबाइल काढून शूटिंग करू लागला: "बघा, सोसायटीतले लोक काम करून घेतात आणि गरिबाचे पैसे बुडवतात." रविवारची सकाळ, वरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघतायत. घासाघीस करत तीन हजारांवर आलं आणि मी यूपीआयने दिले. पावती मागितली तर हसले. ज्या खात्यावर पैसे गेले त्यावरचं नाव फोनवरच्या नावाशी जुळत नव्हतं. पैसे गेल्याचं दाखवणाऱ्या मोबाइलवरच्या त्या पानाचा फोटो मात्र मी काढून ठेवला, आणि तोच पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवताना उपयोगी पडला. पैसे परत आलेले नाहीत. अशी तीन-चार माणसं अंगावर येऊ लागली तर तिथल्या तिथे ११२ लावायचा. नुसता स्पीकरवर लावला तरी सूर बदलतो, असं आमच्याच सोसायटीतल्या एकाने नंतर सांगितलं. त्याच्याकडेही हेच झालं होतं.

पहिल्या जोरदार पावसात पेस्ट वाहून गेली. ओरखडा होता तसाच, आणि भोवती पंजाएवढ्या रुंदीचा निस्तेज पट्टा. गाडीला कंपनीतून येणारा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो: पत्र्याला चिकटलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा वरचा थर माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. कोरड्या खरखरीत पेपरने तो ओरबाडला तर उन्हापासून रंगाला वाचवणारं जे काही असतं तेच निघून जातं. पेस्ट काय, धुऊन गेली. घासून गेलेला थर परत येत नाही.

दुसरं नुकसान नाना पेठेत कळलं. गॅरेजवाल्यांनी पूर्ण दार रंगवायचा जो भाव सांगितला तो ऐकून मी इन्शुरन्सचा विचार केला. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपल्यालाच भरावे लागतात. म्हणून घरीच करायचं ठरवलं आणि रंग बनवून घ्यायला गेलो. दुकानातल्या कारागिराने फोटो बघून एकच प्रश्न विचारला: "यावर कोणी सिलिकॉनवालं पॉलिश मारलंय का?" सिलिकॉनचा अंश राहिला तर नवा रंग तिथे टिकत नाही, मधूनच बाजूला सरकतो आणि बारीक बारीक खळगे पडतात. म्हणजे त्या साडेतीनशेवाल्यांनी ओरखडा तर भरला नाहीच, पण पुढच्याने तो नीट भरू नये याचीही सोय करून ठेवली.

त्यामुळे निम्मं काम साफसफाईचं झालं. आधी भांड्यांच्या साबणाने धुतलं, मग मेण आणि तेलकटपणा काढणारं सॉल्व्हंट. एका फडक्याने ते लावायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं, नाहीतर तेच तेल इकडून तिकडे फिरतं. हे पुन्हा पुन्हा करावं लागलं. गणपती होऊन पाऊस ओसरेपर्यंत थांबलो, कारण दमट हवेत क्लिअर कोटवर पांढरट झाक येते. तोवर उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून बायकोचं बिनरंगी नेलपॉलिश लावून ठेवलं होतं. कारागीर त्यावर नाक मुरडतात, कारण नंतर ते काढत बसावं लागतं. ओरखडा बंपरवर असता तर नेलपॉलिशही लागलं नसतं, बंपर प्लॅस्टिकचा असतो.

रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. पण जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो, म्हणून जमल्यास पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण काढून दुकानात न्यावं. त्याच्याशी जुळवून देतात.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. नेलपॉलिश काढून ओरखड्याच्या आत ८०० नंबरचा पेपर ओला करून हलकेच फिरवला. पत्रा दिसत होता तेवढ्याच जागी प्रायमर, अगदी बारीक ब्रशने. त्यावर रंगाचे पातळ हात, प्रत्येक हात सुकू देऊन. जाड थापला की ओघळ येतो आणि मेटॅलिकमधले चमकणारे कण एकीकडे जमतात. बाटली सतत हलवत राहावी, कण तळाला बसतात. शेवटी क्लिअर कोट, भोवतालच्या पातळीच्या किंचित वर येईल इतका. मी साधा, एका बाटलीतला वापरला. हार्डनर मिसळायचा असतो तो जास्त टिकतो, पण त्यातली आयसोसायनेटं फुप्फुसांना घातक, कापडी मास्क त्यापुढे कुचकामी. बंद पार्किंगमध्ये तर नाहीच. मग आठवडाभर हात लावायचा नाही. त्यानंतर साबणाच्या पाण्यात भिजवलेला २००० नंबरचा पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून उंचवटा खाली आणायचा, आणि मग रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, आणि पॉलिश.

निस्तेज पट्टा कंपाउंडने बराचसा उजळला, पण पूर्ण नाही. जिथे क्लिअर कोट फार घासला गेलाय तिथे दाबून पॉलिश करणं म्हणजे उरलेलाही घालवणं. तेवढा भाग कधीतरी गॅरेजमध्येच रंगवून घ्यावा लागेल. ओरखडा मात्र समोरून दिसत नाही, तिरपं बघितलं तर रेघ कळते. बाबांनी नख फिरवून पाहिलं. अडकलं नाही.

सकाळी गाडी धुणाऱ्या काकांना सांगून ठेवलंय की त्या दारावर महिनाभर मेण किंवा सिलिकॉनवालं पॉलिश काही लावायचं नाही. आतलं सॉल्व्हंट पूर्ण उडून जायला वेळ लागतो. वॉशिंग सेंटरला गेलात तर प्रेशरचा पाइपही तिथे लांबूनच मारायला सांगा.