अनुदान शोधून देणाऱ्या संकेतस्थळाची वर्गणी : एका किनारी शाळेचा वर्षभराचा अनुभव

आमची माध्यमिक शाळा गुहागर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी आहे. शाळा अनुदानित आहे, म्हणजे शिक्षकांचे पगार शासनाकडून होतात. परंतु दर मे महिन्यात कौले परतून घेणे, प्रयोगशाळेचे साहित्य, मुलींचे स्वच्छतागृह आणि पावसाळ्यात वीज गेली तरी चालू राहील असा संगणक कक्ष, ही सारी जबाबदारी संस्थेची. पूर्वी हे सर्व मुंबईकर मंडळाच्या जोरावर भागत असे. गिरणगावातील चाकरमानी वर्गणी काढीत, स्मरणिकेला जाहिराती मिळवीत आणि मे महिन्यात गावी आले की जमलेली रक्कम अध्यक्षांच्या हाती देत. ती पिढी आता थकली, तिची मुले विरार-बदलापूरला राहतात, आणि मंडळाच्या सभेला पंधरा माणसे आली तरी पुष्कळ झाली. म्हणून गेल्या वर्षी कार्यकारिणीने ठराव करून एका सशुल्क संकेतस्थळाची वार्षिक वर्गणी भरली. शाळा आणि स्वयंसेवी संस्थांना प्रतिष्ठाने व कंपन्यांची अनुदाने शोधून देणे, हे त्याचे काम. संस्थेचा कार्यवाह या नात्याने ही सेवा वर्षभर मीच वापरली. तिचे नाव येथे देत नाही, कारण याच साच्याच्या आणखी काही सेवा उपलब्ध आहेत आणि माझे म्हणणे साच्याबद्दल आहे.

वर्गणी ५,९०० रुपये. त्या बदल्यात शोधाची सोय, दर सोमवारी येणारी नव्या अनुदानांची सूचना, अर्जांच्या अंतिम तारखांचे कॅलेंडर, प्रस्तावांचे नमुने आणि फोनवरून मदत मिळते. फोनवरची माणसे हिंदीत बोलतात, सौजन्याने बोलतात आणि सांगितलेल्या वेळी परत फोन करतात, हे आधी नोंदवतो. संकेतस्थळाला मराठीचे बटणही आहे. ते न दाबलेले बरे. मराठी मजकूर यंत्राने केलेला असून त्यात ‘फाउंडेशन’चे सर्वत्र ‘पाया’ झाले आहे. ‘कॉर्पोरेट पाया शिक्षणासाठी आमंत्रित करत आहे’ अशी ओळ वाचून आमच्या लिपिकाला दोन दिवस वाटत होते की, नवीन इमारतीची पायाभरणी करून देणारी ही काही योजना असावी आणि त्याने जुना नकाशाही शोधून ठेवला होता.

खरी अडचण भाषेची नव्हती. पहिल्या सहा महिन्यांत आलेल्या सूचना मी एका वहीत उतरवून काढल्या, त्या १४६ भरल्या. त्यांतल्या ४० परदेशी प्रतिष्ठानांच्या होत्या. परदेशातून देणगी घ्यायची तर २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. त्यासाठी संस्थेने मागील तीन वर्षांत आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीची रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. आमच्यासारख्या एका शाळेच्या संस्थेने हा व्याप करणे म्हणजे होडी घेऊन गोदी बांधायला जाणे. नोंदणीच्या वेळी भरून घेतलेल्या माहितीत ‘विदेशी अंशदान नोंदणी : नाही’ असे आम्ही स्पष्ट लिहिले होते, तरी या सूचना शेवटपर्यंत येत राहिल्या. पन्नासहून अधिक सूचना व्यक्तींसाठीच्या होत्या, म्हणजे शिष्यवृत्त्या, अभ्यासवृत्त्या, निबंधस्पर्धा. उरलेल्यांपैकी बऱ्याच अनुदानांत संस्थेची वार्षिक उलाढाल एक कोटीच्या वर हवी होती, आणि ही अट यादीत नसून देणगीदाराच्या मूळ जाहिरातीच्या तळाशी सापडत असे.

त्यानंतर जे उरले त्याला भूगोल आडवा आला. कित्येक कंपन्या आपला शिक्षणावरचा खर्च आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांत करणे पसंत करतात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या त्या कार्यक्रमात महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव हे जिल्हे आहेत, कोकणातला एकही नाही. त्या जिल्ह्यांची गरज मोठी आहे, याबद्दल तक्रार नाही. परंतु यादी विकणाऱ्याने ‘महाराष्ट्र’ एवढेच लिहून आमच्यापुढे ठेवावे आणि आम्ही प्रस्तावाचे वीस पानी काम करावे, हे बरोबर नाही. सहा महिन्यांच्या अखेरीस वहीत आम्ही खरोखर पात्र ठरू अशी सात नावे राहिली.

असे का होते, याचा विचार केल्यावर दोष केवळ या सेवेचा नाही असे वाटते. देणगीदारांच्या सूचीची ही कल्पना मुळात अमेरिकेतली आहे. तिथे प्रत्येक खासगी प्रतिष्ठानाला ९९०-पीएफ नावाचे विवरणपत्र दरवर्षी भरावे लागते, त्यात कोणाला किती दिले याची यादी असते आणि ते कोणालाही पाहता येते. त्यामुळे अशा विवरणपत्रांवरून विश्वासार्ह सूची तयार होऊ शकते. आपल्याकडे खासगी न्यासांच्या दानाची अशी एकत्र, सर्वांना उघडी नोंद नाही. मग सूचीकार वर्तमानपत्रांतील व संकेतस्थळांवरील जाहिराती गोळा करतो, आणि जाहिरात देते कोण, तर ज्याला देशभरातून हजारो अर्ज हवे आहेत तो. तालुक्यातल्या दहा शाळांना मदत करणारा कारखाना जाहिरात देत नाही.

कंपन्यांच्या बाबतीत मात्र आपला कायदा उपयोगी पडतो, आणि ही गोष्ट मला या सेवेने सांगितली नाही, रत्नागिरीच्या एका सनदी लेखापालांनी सांगितली. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते (यालाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांचे सामाजिक दायित्व, म्हणतात), आणि शिक्षण हे त्या कामांच्या अनुसूचीत स्पष्टपणे आहे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यावे. कोकणातील शाळांसाठी कायद्यातील सर्वात मोलाचे वाक्य ते हेच. लोटे-परशुरामची रसायनांची वसाहत, जयगडचा वीज प्रकल्प, रत्नागिरीजवळचा पीव्हीसी कारखाना, अलिबागजवळ थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद प्रकल्प, यांच्या आसपासच्या शाळांनी देशभराच्या याद्या चाळण्याआधी आपल्या खाडीपलीकडे कोणाचे धुराडे दिसते ते पाहावे. सिंधुदुर्गातल्या शाळांचे काम यामुळे अवघड होते, कारण तिथे धुराडे शोधावे लागते; त्यांना बँका, विमा कंपन्या आणि सार्वजनिक उपक्रम यांच्याकडेच पाहावे लागेल.

हा शोध विनामूल्य घेता येतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनी, राज्य, जिल्हा आणि विषय यांनुसार खर्च पाहता येतो. त्याहून बारीक माहिती कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत मिळते. २०२०-२१ या वर्षासाठी सीएसआर परिशिष्टाचा जो नमुना ठरला होता, त्यात प्रत्येक प्रकल्पासमोर ‘स्थानिक क्षेत्र : होय/नाही’, जिल्हा, रक्कम आणि ज्या संस्थेमार्फत काम झाले तिचे नाव व नोंदणी क्रमांक असे रकाने होते, पुढे २०२२ मध्ये हा नमुना आटोपशीर करण्यात आला, तेव्हा शोधणाऱ्याने आधी ते जुने अहवाल उघडावेत. आम्ही मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत बसून तीन संध्याकाळी अकरा कंपन्यांचे अहवाल पाहिले. एका कंपनीच्या परिशिष्टात ‘रत्नागिरी, होय’ या रकान्यासमोर शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेची प्रयोगशाळा दिसली. आम्ही त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला, कारखान्यात कोणाला भेटायचे ते त्यांनी सांगितले, आणि वर्षभराच्या वर्गणीने जे झाले नव्हते ते त्या एका फोनने सुरू झाले.

सुरू झाले आणि लगेच अडले. याचा दोष पूर्णपणे आमचा. कंपनीने पहिल्याच पत्रात सीएसआर-१ नोंदणी क्रमांक मागितला. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा हा निधी घेणाऱ्या संस्थेला तो क्रमांक बंधनकारक आहे, आणि त्यासाठी आयकराची बारा-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी) व ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत देणारी) नोंदणी आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. आमच्याकडे बारा-ए नोंदणीचे जुने, पिवळे पडलेले प्रमाणपत्र होते, जे नव्या तरतुदीप्रमाणे पुन्हा करून घ्यायला हवे होते आणि केलेले नव्हते. धर्मादाय नोंदणीच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या उताऱ्यावर, तर सहा वर्षांपूर्वी वारलेल्या अध्यक्षांचेच नाव होते. विश्वस्तांतील बदल ९० दिवसांत कळवायचा असतो, तो बदल अर्ज आम्ही दाखलच केला नव्हता. ही कागदपत्रे मार्गी लावण्यात आठ महिने गेले. वर्गणी घेणाऱ्या सेवेने पहिल्याच दिवशी ‘तुमच्याकडे हे पाच कागद आहेत का’ एवढा प्रश्न विचारला असता, तर वर्गणीचे पैसे तिथेच वसूल झाले असते. विचारला नाही, वर्गणी भरण्यासाठी फक्त भ्रमणध्वनी क्रमांक आणि पॅन पुरेसा होता.

प्रस्तावांच्या नमुन्यांबद्दल थोडक्यात सांगतो. नमुना सुबक असतो, पण कोणत्याही गावाला लावता येईल असा असतो. आम्ही उतरवून घेतलेल्या नमुन्यात ‘दुष्काळामुळे होणारे स्थलांतर’ हे वाक्य तसेच राहून गेले होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावातून ते कंपनीकडे जाणार होते. बाईंनी शेवटच्या क्षणी पाहिले म्हणून अब्रू वाचली. स्थलांतर आमच्याकडेही आहे, ते मुंबईकडचे आहे, आणि पटसंख्या घटते ती त्यामुळे.

याच संकेतस्थळावर ‘तज्ज्ञ सल्लागार’ या विभागातून मिळालेल्या एका गृहस्थांनी मंजूर रकमेच्या १० टक्के मागितले. आम्ही नम्रपणे नाही म्हटले. पुढे कंपनीने जो करार पाठवला त्यात खर्चाचा प्रत्येक मथळा ठरलेला होता आणि दलालीचा मथळा त्यात नव्हता. ते पैसे शेवटी संस्थेच्याच खिशातून गेले असते.

स्मरणिकेच्या सवयीने आम्ही आणखी एक चूक करणार होतो. शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी सीएसआरमधून मदत मागावी, असा प्रस्ताव सभेत आला होता. एकवेळचे कार्यक्रम, पुरस्कार आणि कंपनीची प्रसिद्धी होईल असे प्रायोजकत्व या निधीत धरले जात नाही. स्मरणिकेतली जाहिरात कंपनी देऊ शकते, पण ती जाहिरातीच्या खर्चातून. त्यामुळे समारंभ मंडळाकडे ठेवला आणि कंपनीकडे फक्त विज्ञान प्रयोगशाळा व स्वच्छतागृह मागितले.

कंपनीच्या अधिकारी बाई जूनमध्ये, भर पावसात पाहणीला आल्या. आम्ही मुलांचे स्वागतगीत बसवले होते, प्रस्तावाच्या रंगीत प्रती काढल्या होत्या. त्यांनी चहाही न घेता मुलींचे स्वच्छतागृह दाखवा म्हटले, तिथला नळ सोडला, धार पाहिली, बंद केला आणि टाकीत पाणी चढवते कोण, असे विचारले. शिपाई मामांनी पंपाची वेळ सांगितली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली आणि मग प्रयोगशाळेकडे वळल्या. कुठल्याही नमुना प्रस्तावात या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

शासनाच्या विद्यांजली पोर्टलचाही येथे उल्लेख केला पाहिजे. सप्टेंबर २०२१ मध्ये ते नव्या रूपात आले असून शासकीय व अनुदानित शाळा तिथे यू-डायस, म्हणजे शासनाने शाळेला दिलेल्या ओळख क्रमांकावरून नोंदणी करून आपली गरज मांडू शकतात. तिथून मोठी रक्कम येईल अशी अपेक्षा ठेवू नये. पुस्तके, साहित्य आणि शिकवायला येणारी माणसे यांसाठी ते ठीक आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आता वर्गणीच्या सेवेला श्रेय कशाचे द्यावे, तर कॅलेंडरचे. अंतिम तारखेआधी पंधरा दिवस, सात दिवस आणि दोन दिवस अशी आठवण नेमकी येत असे, आणि बँकांच्या व विमा कंपन्यांच्या दोन प्रतिष्ठानांची नावे आम्हाला तिथूनच प्रथम कळली. त्यांच्याकडचे आमचे अर्ज अजून विचाराधीन आहेत. पाच-सहा शाळा चालवणारी, विदेशी अंशदानाची नोंदणी असलेली, इंग्रजीत प्रस्ताव लिहू शकणारा पगारी माणूस ठेवणारी संस्था असेल, तर तिला ही वर्गणी परवडेल आणि उपयोगीही पडेल. एका शाळेच्या संस्थेने मात्र ५,९०० रुपये आधी लेखापालांना द्यावेत आणि बारा-ए, ऐंशी-जी, सीएसआर-१ व परिशिष्ट एक हे कागद नीट करून घ्यावेत. पाचपैकी दोन तारे. त्यांतला एक फोनवरच्या माणसांच्या सौजन्याला.

वर्गणीची मुदत संपली तेव्हा आम्ही नूतनीकरण केले नाही. कॅलेंडरचे काम आता लिपिक करतो: कार्यालयातल्या भिंतीवर मोठे कालनिर्णय आहे, त्यात एप्रिल ते जूनच्या चौकटींत तो लाल शाईने कंपन्यांची नावे लिहितो, कारण नव्या वर्षाचा निधी बहुधा तेव्हाच ठरत असतो. सेवेकडून ‘पाया’ची सूचना मात्र दर सोमवारी अजूनही येते.