नाशिकमध्ये छोटा कॅमेरा घेताय? आधी लेन्सवरचे आकडे वाचा

माझे मामा निफाडला असतात. रिटायर झाल्यापासून त्यांना नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायचा नाद लागलाय, त्यासाठी त्यांनी नाशिकच्या एका दुकानातून खिशात मावेल असा कॅमेरा घेतला. मी नाव लिहीत नाही, पण प्रकार सगळ्यांना कळायलाच हवा.

मामा कॅननचा एसएक्स७४० मागत होते. दुकानदार म्हणाला, "काका, त्यात २० मेगापिक्सेलच आहेत, हा घ्या, ४८ मेगापिक्सेल, १६एक्स झूम आणि निम्म्याहून कमी पैशात." खोक्यावर पण तसंच छापलेलं, मामांनी विश्वास ठेवला. पहिल्याच फेरीत टॉवरवरून फोटो काढले तर जांभळी पाणकोंबडी म्हणजे नुसता जांभळा डाग, चोच कुठे नि पाय कुठे काही कळेना.

मी कॅमेरा हातात घेऊन झूम दाबला, लेन्स जागची हललीच नाही. म्हणजे हा डिजिटल झूम, फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतात, मोबाईलवर आपण दोन बोटांनी करतो तेच. खरा झूम ऑप्टिकल, म्हणजे लेन्स स्वतः सरकून लांबचं जवळ आणते. तो ओळखायचा कसा तर लेन्सच्या कडेला बघा, एसएक्स७४० वर ४.३-१७२ एमएम लिहिलेलं असतं, १७२ ला ४.३ ने भागा, बरोबर ४० येतात, तोच त्याचा ४०एक्स. मामांच्या कॅमेऱ्यावर एमएमचा एकच आकडा होता. एकच आकडा म्हणजे ऑप्टिकल झूम नाहीच, खोक्यावर काहीही छापू दे.

मेगापिक्सेलचीही तीच गत. आत फोटो टिपणारा सेन्सर कमी पिक्सेलचा असतो, मधले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि फाईल ४८ ची करून देतं. फाईल फुगते, बारकावा तेवढाच राहतो. माणूस आयुष्यभर नोकरी करून हौसेनं एक वस्तू घेतो आणि त्याला असं गंडवतात, मला याचा फार राग येतो.

परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणे बिल दाखवा. दिलेलं कच्चं बिल, त्यावर नुसतं "कॅमेरा १ नग", ना मॉडेल ना सिरीयल नंबर ना जीएसटी. म्हणून पक्कं बिल घ्याच आणि मॉडेलचं नाव, ऑप्टिकल झूम किती ते त्यावर लिहून मागा. लिहायला नाही म्हणाला तर तिथूनच निघा. स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा, दुकानाच्या दारातून समोरच्या लांबच्या पाटीचा फुल झूम करून फोटो काढा आणि घरी कॉम्प्युटरवर बघून मगच पैसे द्या.

मामांनी पैसे यूपीआयने दिले होते, ती नोंद आणि खोक्याचे फोटो जोडून ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार टाकलीय.