सांगलीतलं जेनेरिक मेडिकल: ८० टक्के सूट म्हणजे नेमकं काय?

विश्रामबागला सांगली-मिरज रोडच्या आतल्या अंगाला एक जेनेरिक मेडिकल आहे, नाव टाकत नाही कारण मालक आता ओळखीचे झालेत आणि खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं त्यांनीच काउंटरवर सांगितलंय. आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि माझं पित्ताचं औषध तिथूनच घेतो. रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी चार. रिव्ह्यू जरा लांबलाय, घाई असेल तर एवढ्यावर भागवा.

दुकान बारकं, एकच शटर, बाहेर मोठा फ्लेक्स लावलाय "८० टक्क्यांपर्यंत सूट". आत एसी-बिसी नाही, फ्रीज आहे आणि एक पंखा. पण माणूस नीट आहे. चिठ्ठी दिली की आधी ब्रँडचं नाव वाचत नाही, कंटेंट काय आहे ते बघतो, मग दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवतो आणि बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि खालचे मिलिग्रॅम बोट ठेवून दाखवतो, हे बघा काका हेच हाय आणि एवढंच हाय. कॉलेजच्या पोरापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना तेवढंच. झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, कितीही ओळख काढा.

आता मूळ मुद्दा. पित्ताची जी कॅप्सूल घेतो, रॅबेप्रॅझोल आणि डॉम्पेरिडोनवाली, त्या दहाच्या पट्टीवर एमआरपी छापलीय १३५ आणि यांनी लावले ४० रुपये. म्हटलं एवढी सूट देऊन तुम्हाला राहतं काय हो? तर हसले, म्हणाले, "दादा, मला ही पट्टी २८ ला पडती. बारा रुपये मिळत्यात की." म्हणजे घाटा-बिटा काही नाही, व्यवस्थित धंदा आहे. आणि हीच पट्टी दुसरा कोणी मेडिकलवाला "१० टक्के डिस्काउंट" म्हणून १२१ रुपये ५० पैशाला देत असेल, तर तो २८ च्या मालावर साडेत्र्याण्णव रुपये कमावतोय आणि वर गिऱ्हाइकाकडून थँक्यू पण घेतोय. हे ऐकल्यापासून कुठल्याही मेडिकलवरचा सूटीचा बोर्ड बघितला की मला आधी छापील आकड्याचाच संशय येतो.

कारण एमआरपी ही कंपनी छापते. त्याच्या वर विकायचं नाही एवढाच आपल्याकडचा नियम, पण छापायची किती याला बहुतेक मालावर काही बंधन नाही. औषधात थोडं आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे जी औषधं जीवनावश्यक यादीत आहेत त्यांची कमाल किंमत एनपीपीए, म्हणजे औषधांच्या किमतीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, ठरवते, बाजारात निदान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या भावाची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के घालायचे. यादीबाहेरच्या औषधाला सुरुवातीची किंमत कंपनीच्या मर्जीची, नंतर वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवायची नाही एवढंच. आता सुरुवातच १३५ ने केली तर दहा टक्क्यांची लगाम कुणाला लागणार? माझी कॅप्सूल या दुसऱ्या गटातली.

आमच्या ग्रुपवर मागे यावरून भांडणं झाली की सरकारनं व्यापाऱ्याच्या नफ्यावर टक्केवारी बांधून द्यावी का. एकजण म्हणाला सगळ्या धंद्यात २० टक्क्यांच्या वर गेला की आत टाका. मला हे पटत नाही, आणि मेडिकलवाल्याला तर अजिबातच नाही पटलं. गणपती पेठेत तूरडाळ महाग वाटली तर शेजारच्या दुकानात जाता येतं, नाहीतर महिनाभर मूग खाता येतात. हळदीचा, बेदाण्याचा भाव तर सौद्यात ठरतो, तिथं व्यापारी कधी कमावतो कधी घालवतो, त्याला कसली टक्केवारी लावणार. आणि नुसता भाव बांधला की काय होतं ते मार्च २०२० ला बघितलंय, सरकारनं तीन पदरी मास्क १० रुपये आणि सॅनिटायझर २०० मिलीला १०० रुपये असा भाव ठरवला, आमच्या गल्लीतल्या दुकानात त्यानंतर मास्क दिसेनातच, आणि ज्याच्याकडं होते तो हळूच बाजूला बोलवून वेगळाच भाव सांगायचा.

पण औषधाची गोष्ट वेगळी आहे राव. इथं ठरवतो डॉक्टर, घेतो पेशंट आणि पैसे देतो नातेवाईक, जो आयसीयूबाहेर चप्पल हातात धरून उभा आहे. मिरजेला पार बेळगाव-विजापूरकडून पेशंट येतात, त्या माणसानं काय चार दुकानं फिरून भाव काढायचा का? जिथं गिऱ्हाईक नाही म्हणूच शकत नाही तिथं मार्जिनला मर्यादा पाहिजेच, हे माझं मत झालंय आणि याचे दाखले पण आहेत. हार्टच्या स्टेंटचं घ्या, म्हणजे रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून आत बसवतात ती बारीक जाळी. एनपीपीएनं आकडे काढले तेव्हा काही ठिकाणी हॉस्पिटलचा नफा ६५४ टक्क्यांपर्यंत निघाला. फेब्रुवारी २०१७ ला औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० आणि साध्याची ७,२६० ठरवली. मग २०१९ ला कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापारातल्या मार्जिनला ३० टक्क्यांची मर्यादा आणली आणि कित्येक ब्रँडच्या एमआरपी निम्म्याहून जास्त उतरल्या. जुलै २०२१ ला बीपी मशीन, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटरवर ७० टक्के. हे ७० ऐकायला लय वाटतं, पण म्हणजे त्याआधी काय चाललं असेल बघा.

यातली चांगली गोष्ट अशी की हे टक्के मोजतात ते कंपनी पहिल्या व्यापाऱ्याला ज्या भावानं माल देते तिथून. म्हणजे कंपनीनं आपली किंमत हवी ती लावावी, पण मधल्यांनी मिळून त्यावर किती चढवायचं ते ठरलेलं. फ्लेक्सवरच्या सूटीपेक्षा याचा उपयोग जास्त.

हे मी दुकानात बोललो तर मालकांनी वेगळीच बाजू दाखवली, ती आधी माझ्या डोक्यातच आली नव्हती. म्हणाले, वीस रुपयांच्या पट्टीवर १६ टक्के म्हणजे तीन रुपये वीस पैसे. त्यात लाईट बिल, गाळ्याचं भाडं, फार्मासिस्टचा पगार (कायद्यानं फार्मासिस्ट लागतोच), मोडलेला माल, सगळं बसवायचं. आणि वीस हजारांच्या इंजेक्शनवर तेच १६ टक्के म्हणजे ३,२०० रुपये. मग दुकानदार काउंटरवर काय पुढं करणार सांगा? स्वस्त गोळी "शॉर्ट आहे, कंपनीकडनंच येईना" आणि महागडी लगेच हजर. म्हणून टक्केवारी लावायचीच तर स्वस्त मालाला जास्त आणि महाग मालाला कमी अशी पायऱ्या-पायऱ्यांनी लावावी असं त्यांचं म्हणणं, आणि मला शंभर टक्के पटलं. वीसच्या पट्टीवर त्यांनी दहा रुपये कमावले तरी माझं काय जात नाही. स्टॉकिस्टकडून (म्हणजे दुकानदाराला माल देणाऱ्या ठोक व्यापाऱ्याकडून) येणाऱ्या दहावर एक फुकट असल्या स्कीमचं काय करायचं हे विचारलं तेव्हा मात्र विषय बदलला त्यांनी, चहा मागवला.

तुलना करायची तर जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान. ती योजना २००८ पासूनची, दुकानदाराला २० टक्के मार्जिन, आणि छापील किंमतच मुळात कमी असल्यामुळं सूटीचा बोर्ड लावायची गरज पडत नाही. मला विचाराल तर हा हिशोब जास्त सरळ आहे. आमच्या या दुकानात सरळपणा मालकाच्या स्वभावात आहे, उद्या पोरगा गल्ल्यावर बसला की काय होईल कुणी सांगावं.

अजून एक चांगलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ वर आला तेव्हा जुन्या पट्ट्यांवर जुनीच एमआरपी होती, तरी यांनी पहिल्या आठवड्यापासून नवीन रेट लावला, मागावं लागलं नाही.

आता एक स्टार का कापला. पहिलं म्हणजे बिल. मागितलं तरच देतात, ते पण हातानं लिहिलेलं, बॅच नंबर कधी असतो कधी नसतो. एवढा हिशोबाचा माणूस आणि बिलाला कंजुषी का ते कळत नाही. दुसरं, दर महिन्याला कंपनी बदलते. आईची बीपीची गोळी मागच्या महिन्यात पांढरी गोल होती, या महिन्यात गुलाबी लांबट आली, आई अक्षर वाचत नाही रंग बघून घेते, तिनं सकाळची शुगरची समजून दोन्ही बाजूला काढून ठेवली आणि मला फोन, "ही कुठली रे नवीन?" औषध तेच आहे, पण म्हाताऱ्या माणसाला ते कसं समजवायचं. निदान बदलली की पट्टीवर पेनानं "बीपी" असं मोठं लिहून द्यावं, सांगितल्यावर आता लिहून देतात.

जाणार असाल तर दुपारी जा, संध्याकाळी सातनंतर हॉस्पिटलवाल्यांची गर्दी असते. रिकामी पट्टी सोबत न्या, चिठ्ठीवरचं अक्षर लावत बसण्यापेक्षा लवकर होतं. इन्सुलिन पाहिजे असेल तर आधी फोन करून विचारा आणि बर्फाचा डबा घरून न्या, ते नुसतं प्लास्टिकच्या पिशवीत देतात. आणि बिल मागून घ्या.