गडकिल्ल्यांच्या संकेतस्थळासाठी बॅकलिंक: समाजमाध्यमांवरचा वावर की विकतचे दुवे?

गडकिल्ल्यांची माहिती देणारे स्वतःचे मराठी संकेतस्थळ ज्यांनी सुरू केले आहे, त्यांच्यापुढे आज एक प्रश्न हमखास येतो. इतर संकेतस्थळांनी आपल्या पानाचा दुवा द्यावा, म्हणजे आपल्याला बॅकलिंक मिळावी, यासाठी हाताशी असलेला मोजका वेळ आणि पैसा कुठे घालावा? जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी असे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तेव्हापासून रायगड, साल्हेर, सुवर्णदुर्ग यांच्यावर एकसारखा मजकूर असलेली पाने इतकी झाली आहेत, की खरोखर गड पालथे घालून लिहिणाऱ्याचे पान शोधात वर येण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दाचा आधार लागतोच. बॅकलिंक म्हणजे असा आधार.

पर्यायांची तुलना करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँकच्या, म्हणजे दुव्यांवरून पानाचे वजन ठरवण्याच्या कल्पनेत एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा हे एक प्रकारचे मत होते. पण या मतांचा बाजार सुरू झाल्यावर गूगलने २००५ मध्ये 'नोफॉलो' ही खूण आणली. दुव्याला ही खूण असली की ते मत मोजू नये, असा तिचा अर्थ होता. २०१९ मध्ये पैसे देऊन घेतलेल्या दुव्यांसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्या दुव्यांसाठी 'यूजीसी' अशा आणखी दोन खुणा आल्या, आणि तेव्हापासून गूगल या तिन्ही खुणांकडे सक्तीचा आदेश म्हणून न पाहता सूचना म्हणून पाहते. फेसबुक, एक्स, यूट्यूब यांच्यावर आपण टाकलेल्या दुव्यांना अशी खूण आपोआप लागते. लाइक आणि फॉलोअर यांचे आकडे शोधाच्या क्रमवारीत धरले जात नाहीत, हेही गूगलच्या मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्ये सांगितले होते. म्हणजे समाजमाध्यमावर टाकलेला दुवा हे आपले उद्दिष्ट असूच शकत नाही. ज्याच्याकडे स्वतःचे संकेतस्थळ आहे अशा माणसाच्या नजरेस आपले काम पडावे आणि त्याने स्वतःहून त्याचा उल्लेख करावा, एवढ्यासाठीच ही माध्यमे उपयोगाची आहेत. म्हणून माध्यम निवडताना तिथे गर्दी किती आहे यापेक्षा दुवा देऊ शकणारी माणसे तिथे आहेत का, हे आधी पाहावे.

या कसोटीवर फेसबुकवरचे भटकंतीचे आणि इतिहासाचे गट मला सर्वांत मोलाचे वाटतात. गिर्यारोहण संस्थांचे कार्यकर्ते, दुर्गसंवर्धनाचे काम करणारे, पुरवण्यांत लिहिणारे आणि आडगावचे अभ्यासक अजूनही तिथे सविस्तर लिहितात आणि एकमेकांच्या चुकाही दुरुस्त करतात. मात्र गटात शिरून नुसता दुवा टाकणाऱ्याला ॲडमिन बाहेरचा रस्ता दाखवतात आणि ते योग्यच आहे. कोणी एखाद्या वाटेविषयी विचारले, तर पूर्ण उत्तर तिथल्या तिथे द्यावे आणि मागितला तरच दुवा द्यावा. एक उदाहरण घेऊ. कोणत्या गडावरच्या कोणत्या टाक्याचे पाणी एप्रिल-मेमध्येही पिण्याजोगे असते, हा प्रश्न दर उन्हाळ्यात विचारला जातो आणि त्याची उत्तरे शेकडो प्रतिसादांत विखुरलेली राहतात. ती उत्तरे सांगणाऱ्यांच्या परवानगीने व नावानिशी एका पानावर जमवली, प्रत्येक नोंदीपुढे ती कधी पाहिली त्याचा महिना लिहिला, आणि चुकीच्या नोंदी गटातच विचारून दुरुस्त केल्या, तर त्या पानाचा दुवा देण्यासाठी कोणालाही गळ घालावी लागत नाही. मोहिमेची सूचना काढणारी संस्था आपल्या संकेतस्थळावर तो दुवा आपणहून देते, कारण तिच्या सभासदांना त्याची गरज असते. उणीव एकच, पण मोठी आहे: खासगी गटातला मजकूर गूगलला दिसत नाही आणि जुनी चर्चा गटातही लवकर सापडत नाही, त्यामुळे जे काही जमेल ते वेळच्या वेळी स्वतःच्या पानावर आणावेच लागते. 'जाणार असाल तर हो लिहा' अशा धाटणीच्या पोस्ट टाळाव्यात, कारण लाइक-कमेंटची भीक मागणाऱ्या पोस्ट फेसबुक २०१७ च्या अखेरीपासून मागे ढकलते.

इन्स्टाग्रामवर प्रेक्षक भरपूर आहे, पण दुवा देणारा माणूस तिथे क्वचित भेटतो. साध्या पोस्टच्या मजकुरात लिहिलेला पत्ता दाबून उघडत नाही. प्रोफाइलमध्ये एप्रिल २०२३ पासून पाच दुवे देता येतात आणि स्टोरीतला दुव्याचा स्टिकर ऑक्टोबर २०२१ पासून सर्वांना खुला आहे, पण स्टोरी चोवीस तासांत दिसेनाशी होते. रील लाखभर लोकांनी पाहिली तरी ती पुढे पाठवली जाते रील म्हणूनच, पानापर्यंत कोणी पोहोचत नाही. तरीही ज्यांची छायाचित्रे चांगली आहेत त्यांनी हे माध्यम सोडू नये. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून टिपलेली पहाट किंवा सिंधुदुर्गाची तटबंदी इतर संकेतस्थळे न विचारता उचलतात, आणि गूगल लेन्सवर तो फोटो शोधला की ती पाने समोर येतात. अशा वेळी भांडण न काढता 'फोटो राहू द्या, सौजन्य म्हणून माझ्या पानाचा दुवा द्या' एवढे सौम्य पत्र लिहावे. बरेच जण ते मान्य करतात, आणि असा दुवा कोणत्याही नियमात न अडकणारा, हक्काचा असतो.

यूट्यूबवर मोठ्या चित्रफितीखालच्या वर्णनातला दुवा चालतो, शॉर्ट्सच्या वर्णनातला आणि प्रतिसादांतला मात्र ३१ ऑगस्ट २०२३ पासून उघडत नाही. दुसऱ्या संकेतस्थळाने आपली चित्रफीत त्याच्या पानात बसवली, तर दुवा मिळतो यूट्यूबला, आपल्याला नाही. यावर उपाय असा, की चित्रफितीत वाट दाखवावी, पण तिची जीपीएक्स फाइल (मोबाइलच्या नकाशावर वाट दाखवणारी फाइल), शेवटच्या एसटीची वेळ आणि गावातल्या जेवणाची सोय आपल्या पानावरच ठेवावी.

व्हॉट्सॲप दुवा पसरवते खूप, पण तो वेबवर कुठेच उमटत नाही, आणि तिथून येणारे वाचक आकडेवारीत बहुधा 'डायरेक्ट', म्हणजे पत्ता टाकून थेट आलेले, म्हणून मोजले जातात. एक्सवर मराठी भटके कमी असले तरी पत्रकार आणि इतिहासाचे अभ्यासक आहेत. शिलालेखाचे वाचन, जुना नकाशा, संवर्धनातली चूक अशा गंभीर विषयांवर लिहिणाऱ्याने तिथे जरूर असावे. दोन्हीकडे पाठवायच्या पानाचा पत्ता रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवावा. देवनागरी पत्ता कॉपी केला की बहुतेक वेळा प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात, त्यामुळे 'गडकिल्ले' एवढ्या एका शब्दाची बहात्तर होतात आणि असा दुवा पाहून लोक तो फसवा समजतात.

आता विकतच्या दुव्यांविषयी. संकेतस्थळ थोडे नावारूपाला आले की 'तुमचा लेख आमच्याकडे छापू, दुवा देऊ, दर अमुक' अशा मेल येऊ लागतात. समाजमाध्यमांवर महिनोन्‌महिने उत्तरे देत बसण्यापेक्षा हे सोपे वाटते, आणि परिणामही आज पैसे दिले की उद्या दुवा असा लगेच दिसतो. पण क्रमवारीवर परिणाम व्हावा म्हणून दुवे विकत घेणे गूगलच्या धोरणात स्पॅम ठरते. गूगलने शोधाच्या क्रमवारीत केलेल्या एप्रिल २०१२ च्या 'पेंग्विन' नावाच्या बदलाने अशी अनेक संकेतस्थळे खाली गेली, आणि डिसेंबर २०२२ पासून गूगलची स्पॅमब्रेन ही यंत्रणा विकतचे दुवे ओळखून त्यांचा परिणामच काढून टाकते. म्हणजे दंड झाला नाही तरी पैसे पाण्यात. जाहिरात म्हणून, 'स्पॉन्सर्ड' खूण लावून दुवा घेणे वैध आहे, पण मग तो वाचकांसाठीच असतो. एखाद्या इन्फ्लुएन्सरला फुकट मुक्काम देऊन उल्लेख मिळवला, तर केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तसे जाहीर करणेही त्याला भाग आहे. दोन भटक्यांनी एकमेकांच्या चांगल्या पानांचे दुवे देण्यात काहीच गैर नाही, घाऊक अदलाबदल मात्र याच धोरणात सापडते.

आठवड्याला दोन-तीन तासच मिळत असतील, तर माझ्या मते दोन फेसबुक गट आणि एक चांगले पान एवढेच धरावे. छायाचित्रे ही खरी ताकद असेल, तर इन्स्टाग्राम आणि सौजन्याची पत्रे. वाटांची खडान्‌खडा माहिती असेल, तर यूट्यूब आणि जीपीएक्स फायली. पैसाच आहे आणि वेळ नाही, अशी स्थिती असेल तर तो पैसा दुवे विकत घेण्यात न घालवता गडाचा अचूक नकाशा काढून घेण्यात घालावा.

निवड कोणतीही असो, ती जमते आहे का हे लाइकवरून ठरवू नये. गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या साधनातल्या दुव्यांच्या अहवालात आपल्याला दुवा देणाऱ्या संकेतस्थळांची यादी मिळते. ती दर महिन्याला पाहावी आणि तिच्यात नवे नाव आले की ते कोणत्या चर्चेतून आले हे शोधावे. पावसाळी भटकंतीच्या याद्या मे महिन्याच्या अखेरीस लिहिल्या जातात, त्यामुळे निसरड्या वाटा, धबधबे आणि बंदी असलेल्या जागा यांची पाने त्याआधीच तयार करून गटांत तपासून घेतलेली असावीत.