अथेन्सचे घुबड आणि माझे ८९० युरो

गेल्या वर्षी मे महिन्यात अथेन्समध्ये मला एक बनावट नाणे विकण्यात आले आणि त्यात माझे ८९० युरो, म्हणजे बँकेच्या शुल्कासह ८२,६१४ रुपये गेले. जुन्या नाण्यांच्या नावाखाली लोकांना कसे गंडवतात हे तुम्हाला सांगायला नको. मलाही ते ठाऊक होते, म्हणूनच हे लिहिताना लाज वाटते.

त्याच सकाळी मी तिथले नाणेसंग्रहालय पाहिले होते. ट्रॉयचे उत्खनन करणाऱ्या श्लीमनच्या वाड्यातले ते दालन सोडताना मनात एकच नाणे होते : एका बाजूला शिरस्त्राणावर ऑलिव्हची पाने मिरवणारी अथीना देवी, दुसऱ्या बाजूला मान वळवून थेट आपल्याकडे पाहणारे घुबड, त्याच्यामागे ऑलिव्हची डहाळी व इवलीशी चंद्रकोर, आणि पुढे आल्फा, थीटा, एप्सिलॉन ही अथेन्सच्या नावाची तीन अक्षरे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला हा टेट्राड्राक्मा, म्हणजे चार ड्राक्मांचे नाणे. वजन सुमारे १७.२ ग्रॅम, चांदी बहुतांशी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली.

दुपारी मोनास्तिराकीच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने नेमके हेच नाणे माझ्या तळहातावर ठेवले. पाने इराण्यांवरील विजयाची, घुबड अथीनाच्या बुद्धीचे, असे सारे त्याने बिनचूक सांगितले आणि मी भारतीय आहे हे कळताच ‘तुमच्या लक्ष्मीचे वाहनही हेच ना?’ असे विचारले. ज्याला चिन्हांचा अर्थ इतका ठाऊक आहे तो खोटे नाणे विकणार नाही, असे मी गृहीत धरले. माझ्या जागी कोणीही भुलले असते, असे मला आजही वाटते. पण चिन्हांचे अर्थ पाठ करता येतात. आधी वजन करा.

आणि तरीही मला थांबवणारी गोष्ट डोळ्यांसमोर होती. तबकात तसेच दुसरे नाणे होते. दोन्हींवर शिरस्त्राणाचा तुरा एकाच जागी कापलेला, दोन्हींच्या काठाला एकाच ठिकाणी चीर, घुबडाच्या पंजाखाली एकाच लांबीचा ओरखडा. हातोड्याने ठोकून पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण काठाची चीर आणि नंतर पडलेला ओरखडा हुबेहूब सारखा कसा असेल? सकाळी संग्रहालयात मी एकासारखे दुसरे घुबड पाहिले नव्हते. मी विचारलेही. ‘एकाच ठशाची जुळी आहेत,’ तो म्हणाला, आणि मी कार्ड पुढे केले. तो क्षण आठवला की अजून झोप उडते.

८५० युरो नाण्याचे, ४० ‘निर्यात परवान्याचे’. ग्रीसच्या २००२ च्या पुरातत्त्व कायद्यानुसार असे प्राचीन नाणे अधिकृत परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि ती परवानगी दुकानदार देऊ शकत नाही. नाणे खरे असते तर विमानतळावर मीच आरोपी ठरलो असतो.

पुण्यात सराफाच्या काट्यावर ते १४.६ ग्रॅम भरले. त्याने काठावर कानस फिरवली आणि मुलाम्याखालून पितळ दिसले.

मग दारोदार फिरणे सुरू झाले. अथेन्सच्या पोलिसांना तीन ईमेल पाठवले. उत्तर एकाचेच आले, तेही पावतीवर ‘स्मरणवस्तू’ लिहिले आहे एवढेच सांगणारे. पावती ग्रीकमध्ये होती. जी पावती वाचता येत नाही तिच्यावर पैसे देऊ नका. इथल्या ठाण्यात ‘गुन्हा परदेशात घडला’ म्हणून अर्जही घेतला नाही. बँकेने २३ दिवसांनी कळवले की पिन टाकून केलेला व्यवहार उलटवता येत नाही. सहल कंपनीने फोन उचलणेच बंद केले. इसवी सनपूर्व ३७५ च्या सुमारास याच अथेन्सने कायदा करून बाजारात सरकारी नाणेपारखी बसवला होता. चांदीखाली तांबे किंवा शिसे निघाले तर त्याने नाणे तिथेच कापायचे, आणि नेमून दिलेले काम केले नाही तर त्यालाच पन्नास फटके. मला मात्र आज चार ठिकाणी एकही जबाबदार माणूस सापडत नाही.

नाणे मी सराफाकडून मधोमध कापून घेतले आहे. एक तुकडा माझ्याकडे आहे. दुसरा, आतले पितळ स्पष्ट दिसेल असा, बँकेला तिसऱ्या स्मरणपत्रासोबत नोंदणीकृत टपालाने पाठवला आहे.