गॅलरीचं स्लायडिंग दार: बेअरिंग बदलायचं की दारच?

गॅलरीचं दार दोन्ही हातांनी ओढावं लागायला लागलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, मिस्त्रीला बोलावून बेअरिंग, म्हणजे दाराखालची चाकं, बदलून घेऊ. दुसरा म्हणतो, एकदाच काय ते यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, दार बसवू आणि मोकळे होऊ. नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमची दोन किंवा तीन ट्रॅकची दारं सर्रास दिसतात, आणि त्यांचं कुरकुरायचं वय आता झालंय. माझा कौल आधीच सांगून टाकतो: चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेल तर दार बदलू नका. दुखणं बहुतेक वेळा खालच्या दोन इंचांत असतं. तेवढ्यासाठी सहा बाय सात फुटांचं अख्खं दार उचकटायचं कारण नाही.

चौकट गुण्यात आहे का, हे मिस्त्री यायच्या आधी घरीच कळतं. टेप घ्या आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही मापं सारखी आली, किंवा दोन-चार मिलिमीटरचाच फरक निघाला, तर चौकट ठीक आहे. फरक सेंटिमीटरच्या पुढे गेला, किंवा वरची पट्टी मधोमध झुकून शटरला, म्हणजे सरकणाऱ्या पल्ल्याला, चावतेय असं दिसलं, तर प्रकरण दाराचं नसून भिंतीचं असू शकतं. अशा वेळी आधी बांधकामातल्या माणसाला दाखवा. नाहीतर नवं दारही वर्षभरात तिथेच अडकेल.

पाणी आत येतंय म्हणून दार बदलणारे

यांच्यासाठी वेगळं लिहितो, कारण पैसे सर्वांत जास्त इथे वाया जातात. जुलैमध्ये पांडवलेण्यांच्या बाजूने तिरका पाऊस यायला लागला की पश्चिमेकडे गॅलरी असलेल्या घरांत ट्रॅकमधून पाणी हॉलमध्ये येतं, आणि खापर फुटतं दारावर. खरं तर स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच, असं धरूनच तो बनवलेला असतो. ते बाहेर जावं म्हणून चौकटीच्या बाहेरच्या अंगाला छोटी भोकं ठेवलेली असतात. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि गॅलरीत जाऊन बघा. पाणी लगेच बाहेर पडलं तर भोकं मोकळी आहेत. ट्रॅकमध्ये तळं साचून राहिलं तर भोकांत माती, रंगाचे थेंब किंवा कबुतरांची घाण अडकलीय. सायकलच्या चाकाची जुनी तार घालून ती मोकळी करा, काम झालं.

याहून वाईट प्रकार म्हणजे टाइल्सवर टाइल्स. गॅलरीचं वॉटरप्रूफिंग करताना जुनी फरशी न काढता वरून नवी बसवली, की जमीन इंच-दीड इंच वर येते आणि ही भोकं कायमची बुजतात. मग पाणी आत यायला लागतं आणि फॅब्रिकेटर, म्हणजे दारं बनवून बसवणारा, नवं दार सुचवतो. दार कितीही भारी बसवलं तरी जमीन बाहेरून उंच आणि भोकं बंद असतील, तर पाणी आतच येणार. इथे खर्च फरशीवर करायला हवा. फरशीचं काम काढलंच, तर ट्रॅकवर आधी चिकटपट्टी मारून घ्या. ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातं, आणि त्याचे पांढरे डाग नंतर कशानेही जात नाहीत.

आपण स्वतः की मिस्त्री?

सफाई आणि वंगण हे आपलं काम. शटर उतरवणं हे मिस्त्रीचं, किंवा निदान दोन धडधाकट माणसांचं. कारण साधं आहे. ५ मिलिमीटर काचेचं वजन दर चौरस मीटरला १२.५ किलो भरतं. तीन बाय सात फुटांच्या शटरमध्ये नुसती काच २४ किलोच्या आसपास जाते, वर अ‍ॅल्युमिनियम वेगळं. शटर वरच्या खाचेत उचलून खालची बाजू आपल्याकडे ओढायची असते, आणि नेमक्या त्या क्षणी सगळा भार मनगटांवर येतो. जुन्या दारांत काच साधी असेल तर ती फुटल्यावर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. तेव्हा एकट्याने हे करायचं धाडस नको.

सफाईला मात्र मिस्त्रीची वाट बघायची गरज नाही. आधी कोरडी धूळ व्हॅक्यूमने किंवा रंगाच्या ब्रशने काढायची, मग जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. पाणी आधी ओतलं की मातीचा चिखल होऊन तो बेअरिंगमध्ये जातो. दिवाळीच्या साफसफाईत लोक नेमकं हेच करतात, पाइप लावून दार धुतात. बाथरूमसाठी आणलेलं अ‍ॅसिडही ट्रॅकला लावायचं नाही, त्याने अ‍ॅनोडायझिंग आणि पावडर कोटिंग हे धातूवरचे दोन्ही संरक्षक थर उतरतात. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचे पांढरे थर बसतात म्हणून हात अ‍ॅसिडकडे जातो, पण त्यांना व्हिनेगरचा ओला फडका लगेच पुसून काढला तरी पुरे.

वंगणात खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, ग्रीस यांतलं काहीही नको. दार पहिले आठ दिवस लोण्यासारखं सरकेल, मग त्याच तेलाला धूळ चिकटून काळा राप तयार होईल. सध्या सिंहस्थाच्या तयारीची रस्त्यांची कामं निघालेली असताना तर धुळीला तोटाच नाही. हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉन स्प्रे मिळतो, तो सुकतो आणि चिकट राहत नाही. तो नसेल तर मेणबत्तीचा तुकडा कोरड्या ट्रॅकवर घासा. मृगाच्या आधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, एवढं केलं तरी बेअरिंगचं आयुष्य चांगलं वाढतं.

एवढं करूनही दार जडच राहिलं तर मिस्त्रीला बोलवा. ओळखीतल्या एका काकूंकडे शटर उतरवताना मी उभा होतो. मिस्त्रीने शटर आडवं करून खालच्या सेक्शनमधून बेअरिंग उपसून काढलं, तर चाकाभोवती लांब केसांचा आणि दोऱ्यांचा घट्ट वेढा, त्यात रांगोळीची पूड मुरलेली, आणि नायलॉनचं चाक एका बाजूने सपाट झालेलं. “काकू, हे चाक फिरतच नव्हतं. तुम्ही दार सरकवत नव्हतात, फरफटत नेत होतात,” तो म्हणाला. काकूंनी चाक हातात घेऊन अंगठ्याने फिरवून पाहिलं. हललंसुद्धा नाही.

बेअरिंगमध्ये नायलॉन की स्टील हा प्रश्न दुकानदार विचारतोच. नायलॉनचं चाक आवाज करत नाही आणि ट्रॅकला खात नाही, पण जड शटरखाली दबून चपटं होतं. स्टीलचं चाक भार झेलतं, मात्र उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रॅकवर ते कानशीसारखं चालतं, त्यात वाळूचा कण आला की विचारू नका. म्हणून उघडा ट्रॅक असेल तर आत स्टीलच्या गोळ्या आणि बाहेर नायलॉन असं चाक घ्या. ट्रॅकवर बोट फिरवून बघा. कडा धारदार, चपटी किंवा खड्ड्याखड्ड्यांची लागली, तर नुसती बेअरिंग बदलणं म्हणजे महिन्याभराची मलमपट्टी. अशा ट्रॅकवर स्टेनलेस स्टीलची टोपी बसवतात, वरून दाबून बसणारी पट्टी. तिच्यावर मग स्टीलचं चाक खुशाल चालवा. मिस्त्री ही पट्टी आपणहून सुचवतीलच असं नाही, तुम्हीच विचारा. आणि शटरच्या दोन्ही टोकांची बेअरिंग एकदम बदला. एकच बदललं तर शटर तिरकं बसतं आणि लॉक लागत नाही.

शटरच्या कडेची ऊनपट्टी, म्हणजे फट बुजवणारी लोकरीसारखी पट्टी, झिजली असेल तर तीही याच फेरीत बदलून घ्या. शटर उतरलेलंच असतं, आणि धूळ व डास दोन्ही त्याच फटीतून येतात.

बदलायचंच ठरलं तर

बदलायची खरी कारणं मोजकीच आहेत. चौकटीचे सांधे सुटलेत, खालची पट्टी कुजून तिला भोकं पडलीत, कर्ण जुळत नाहीत, किंवा आवाज सहन होत नाही. मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलालगत राहणाऱ्यांचं चौथं कारण अगदी खरं असतं. पण त्यांनाही सांगतो, साधं स्लायडिंग दार आवाज फारसा अडवत नाही, मग ते कशाचंही असो. ऊनपट्टीच्या फटीतून हवा येते तिथून आवाजही येतो. आवाजच अडवायचा असेल तर जागा असेल तिथे रबराला दाबून बंद होणारं, बिजागऱ्यांचं दार घ्या.

अ‍ॅल्युमिनियम विरुद्ध यूपीव्हीसी या वादात विक्रेता उष्णतेवर जोर देतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. अ‍ॅल्युमिनियम यूपीव्हीसीच्या हजारपटीच्या घरात उष्णता वाहून नेतं. पण दाराचा बहुतांश भाग काचेचा असतो आणि मे महिन्यातलं ऊन काचेतून आत येतं. पश्चिमेच्या गॅलरीत बाहेरून बांबूची चिक सोडली तर जो फरक पडेल, तो नुसती चौकट बदलून पडणार नाही.

दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. यूपीव्हीसी उन्हात जास्त फुगतं. नाशिकला हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो. तीस अंशांच्या फरकात सात फुटांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते, यूपीव्हीसीची चारच्या पुढे. चांगल्या दारात हे धरून मोकळीक ठेवतात आणि आत जस्त चढवलेली लोखंडी पट्टी घालतात. म्हणून दर विचारताना आत लोखंड किती जाडीचं आणि किती लांबीचं आहे, हेही विचारा. गडद रंगाचं यूपीव्हीसी पश्चिमेला लावू नका, ते पांढऱ्यापेक्षा खूपच तापतं.

दुरुस्तीच्या बाबतीत मी अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूचा. त्याचे सांधे स्क्रूचे असतात, सुटे भाग हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि दहा वर्षांनी कुठलाही मिस्त्री ते उघडू शकतो. यूपीव्हीसीचे कोपरे वितळवून जोडलेले असतात आणि लॉकची यंत्रणा ज्या-त्या कंपनीची. कंपनी किंवा तिचा डीलर टिकला नाही तर एका लॉकपायी अडून बसाल. उलट समोर सतत दमट हवा असेल, गंज-डागांचा वैताग असेल आणि रोजची निगा होणार नसेल, तर चांगल्या प्रतीचं पांढरं यूपीव्हीसी पुसायला सोपं आणि बिनतक्रार.

दोन्हींत काच मात्र टफन्डच, म्हणजे तापवून मजबूत केलेलीच, घ्या. कोपऱ्यात तिची कोरलेली खूण असते, ती बसवायच्या आधी बघा. ही काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप चुकलं तर नवीच मागवावी लागते. माप फॅब्रिकेटरनेच घ्यावं आणि जबाबदारीही त्याचीच, हे कोटेशनवर लिहून घ्या. दर चौरस फुटाचा सांगतात, त्यात काच, लॉक, मच्छरजाळी, जुनं दार काढणं, भिंतीच्या कडा भरणं आणि जीएसटी यांतलं काय-काय धरलंय तेही त्याच कागदावर हवं. बाहेरून रंग किंवा रचना बदलणार असेल तर आधी सोसायटीला पत्र द्या.

आणि जुनं अ‍ॅल्युमिनियम “घेऊन जातो, साफ करून देतो” असं म्हणून कुणी उचलून नेत असेल तर थांबवा. त्याला भंगारात किलोवर चांगला भाव मिळतो. काच वेगळी काढायला लावा, धातू काट्यावर घाला आणि ती रक्कम बिलातून वजा करून घ्या.